तीन डिफरन्शियलची गाडी

अक्का, काल पांझरेच्या काठावर तुझा दहावा झाला. पिंड ठेवून हात जोडून आम्ही मागे सरतो न सरतो तोच कावळा उतरला आणि घास घेऊन गेला. एक मिनिटही गेलं नसेल. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. कोणी म्हणालं, बाई समाधानी गेली, काही मागे राहिलं नाही. काकांनी तर हसून चपला शोधायला सुरुवात केली. मला मात्र असा संताप आला की त्या कावळ्याला दगड मारावासा वाटला. तुझं काही राहिलं नसेल. माझं राहिलं होतं. घासाभोवती घिरट्या घालत तो दोन तास बसला असता, मंडळी उन्हात चुळबुळत थांबली असती आणि मला बोलायला आयती वाट मिळाली असती, असं मी मनाशी ठरवूनच जळगावहून निघालो होतो. तू तेवढीही सवलत दिली नाहीस.

मग श्रद्धांजलीची भाषणं झाली. सुपडू शेठ उठले. तेच सुपडू शेठ, ज्यांच्या ट्रकांची डिफरन्शियलं तू सहा वर्षं बसवलीस. ते म्हणाले, गृहकृत्यदक्ष होती, पतीची सेवा केली, दारातून कोणी चहा न पिता गेला नाही. वर्कशॉपचा एक शब्द नाही. लाजेने नव्हे, तुझ्या मानासाठी टाळला. कारण धुळ्याच्या आग्रा रोडवर, गॅरेजवाल्यांत, अजूनही तुझी ओळख एकच आहे: जिने बसवलेलं डिफरन्शियल भर शर्यतीत फुटलं ती बाई. गेल्या माणसाचं उणं काढू नये म्हणून ते गप्प बसले.

ती गोष्ट खोटी आहे. नऊ वर्षं ती खोटी आहे हे तुला आणि मला, दोघांनाच माहीत होतं. आता मी एकटाच उरलो, असं मला काल घरी परतेपर्यंत वाटत होतं. म्हणून शेठ खाली बसल्यावर मी उठलो. काय बोललो ते सांगतो, पण आधी मला थोडं मागे जाऊ दे. तुला घाई असेल तर असो, मला नाही.

तू या धंद्यात कशी आलीस ते लोक विसरलेत. दाजींच्या डोळ्यांत साखर उतरली आणि त्यांना जवळचं दिसेनासं झालं, तिथून सगळं सुरू झालं. ट्रकच्या मागच्या धुऱ्याच्या पोटात जो गोळा असतो, तेच डिफरन्शियल, त्यात क्राउन नावाचं मोठं दातेरी चाक आणि पिनियन नावाचं छोटं चाक एकमेकांत बसवायचं, हे दाजींचं काम. दात नेमके कुठे भिडतात हे बघायला क्राउनच्या दातांना तेलात कालवलेला शेंदूर फासायचा, फिरवायचं आणि शेंदूर कुठे पुसला गेला ते पाहायचं. दाताच्या मधोमध पुसला गेला तर ठीक. टोकाला किंवा मुळाशी गेला तर पिनियनखाली कागदाएवढी पातळ चकती घालायची किंवा काढायची. दाजींचे हात शाबूत होते, शेंदूर दिसत नव्हता. त्यांनी तुला स्वयंपाकघरातून हाक मारली, "जरा देख, कथा पुसायना." तू पदराला हात पुसत आलीस, वाकून पाहिलंस आणि कुठे पुसला गेला ते सांगितलंस. दोन वर्षांत तू सांगण्याऐवजी स्वतःच चकत्या घालायला लागलीस. दाजी बाजूला खाटेवर बसून नुसता आवाज ऐकायचे आणि मान हलवायचे.

तो इंदूरचा ड्रायव्हर आठवतो का? तू क्राउनला शेंदूर फासून चहा ठेवायला आत गेलीस आणि बाहेर येऊन बघतेस तर हा गडी चपला काढून, हात जोडून क्राउनसमोर उभा. त्याच्यापुढे नारळ फोडलेला. शेंदूर पुसायला तू चिंधी घेतलीस तर तो आडवाच पडला. देव झालेल्या लोखंडाला पुसतात का, म्हणाला. तू अर्धा तास त्याला समजावलंस. शेवटी तसाच शेंदूर लावलेला गोळा बंद केलास आणि वर त्याच्याच नारळाचं खोबरं सगळ्यांना वाटलंस. तो ट्रक नंतर कधी आवाज करत आला नाही, आणि दाजी म्हणाले, आता प्रत्येक गाडीला नारळ लावत जा. मी हसून हसून खाटेवरून पडलो होतो.

मी तेव्हा जळगावला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात होतो, सुट्टी मिळाली की धुळ्याला तुमच्याकडे. बी.एस्सी. झालेला, इंग्रजी वाचणारा आणि त्याची घमेंड असणारा. डिफरन्शियल म्हणजे काय हे मी तुला पुस्तकातून शिकवायला बसलो होतो, आठवतं? वहीत कोन आणि त्रिज्या काढल्या होत्या. तू तांदूळ निवडत ऐकत होतीस. मध्येच म्हणालीस, "खळावर मळनीनी पात चालस, तवय मेढजवळना बैल कितला चालस?"

"मधल्या खांबाजवळचा? कमी."

"आनि बाहेरना?"

"जास्त."

"दोन्हीसले येकच दावं शे. बाहेरनाले मेढजवळनाइतलंच चालाले लावं तं काय व्हई?"

मी म्हणालो, दावं तुटेल, नाहीतर बैल पडेल. "मंग," तू म्हणालीस, "गाडी वळनी का बाहेरना चाकले जास्त चालनं पडस. त्याले जास्त चालू देवानं, पन जोर दोन्हीसले सारखा देवाना. इतलंच ते." आणि तांदळातला खडा बाजूला टाकलास. मी वही मिटली.

डिफरन्शियलची खोडही तूच सांगितलीस, पुस्तकाच्या आधी. जोर दोन्हीकडे सारखा, म्हणजे चिखलात रुतून नुसतं गरगरणारं चाक जेवढा जोर खाईल तेवढाच चांगल्या जमिनीवरच्या चाकाला मिळणार. गरगरणारं चाक काहीच खात नाही, मग दुसऱ्यालाही काहीच नाही. एक चाक चिखलात गेलं की अख्खा ट्रक लाचार. "येक जन हात टेकी बठना का दुसरानी ताकद बी वाया," तू म्हणालीस, आणि त्या वेळी दाजींकडे पाहिलंस की माझ्याकडे, ते मला आजही ठरवता येत नाही.

रद्दीच्या दुकानात मला ते परदेशी मासिक मिळालं नसतं तर पुढचं काही घडलं नसतं. त्यात एका शर्यतीच्या गाडीचा फोटो होता, चारही चाकांनी माती उधळणारी, आणि आतल्या पानावर तिच्या पोटाचं चित्र. आपल्याकडच्या जीपलाही चारही चाकांना जोर देता येतो, पण त्यासाठीची दांडी ओढली की पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जोर नेणारे शाफ्ट एकमेकांना जखडतात. वळणावर पुढची चाकं लांबून फिरतात, मागची जवळून. मातीत चाकं घसरून हिशेब जुळवून घेतात. डांबरावर घसरायला जागा नसते, मग स्टिअरिंग अडतं आणि लोखंड पिळत जातं. त्या परदेशी गाडीत पुढे एक डिफरन्शियल, मागे एक आणि दोघांच्या मध्ये तिसरं होतं, पुढच्या-मागच्या जोडीला वेगळं चालू देणारं. मी भाषांतर करून सांगितलं. तू म्हणालीस, "तीन? म्हंजे तीनदा शेंदूर!" आणि दुसऱ्या दिवशी मला भंगारबाजारात पिटाळलंस.

असोद्याच्या एका केळीवाल्याची जुनी पेट्रोल जीप आपण आणली. तिच्या फटींतून कितीतरी दिवस केळीच्या घडांचे सुकलेले दांडे निघत होते. एका भंगारातल्या मोटारीच्या मागच्या डिफरन्शियलचं पोट काढून तू ते आडवंतिडवं फिरवून पाहिलंस आणि त्याची आतली चक्रं दोन चाकांऐवजी दोन शाफ्टांना जोडलीस, एक पुढे जाणारा, एक मागे. लोखंड कातणाऱ्या खराद्याकडे तू स्वतः जायचीस. पहिल्यांदा तो तुझ्याशी बोलेना, माझ्याशीच बोलायचा, आणि मी तुझ्याकडे बघून उत्तर द्यायचो. तिसऱ्या खेपेला त्याने तुला स्टूल दिलं.

आणि मग प्लेटा. मधलं डिफरन्शियल मोकळं ठेवलं तर चारांतलं एक चाक हवेत गेलं की चारही चाकं लाचार होणार, हे तुला लगेच दिसलं. जखडून टाकलं तर ते जीपच झालं. तू स्कूटरच्या क्लचच्या प्लेटा आणल्यास, एक आतल्या चक्राला अडकणारी, एक बाहेरच्या पेटीला, अशा आळीपाळीने रचल्यास आणि मागे स्प्रिंगा घातल्यास. वळणावर प्लेटा थोड्या घसरतील आणि फरक सोडतील. एखादं चाक गरगरायला लागलं तर घट्ट धरून दुसऱ्या बाजूला जोर ढकलतील. किती घट्ट, हा सगळा प्रश्न. त्यासाठी तू कापूस तोलायचा स्प्रिंगचा काटा मागून आणलास, शाफ्टला लांब पहार अडकवून तिच्या टोकाला काटा लावलास आणि कितीला प्लेटा सुटतात ते भिंतीवर कोळशाने लिहीत गेलीस. ती सगळी भिंत मी काल परत पाहिली. तुझे आकडे आहेत, खाली खोडलेले, खाली पुन्हा लिहिलेले.

आपलं भांडण त्या आकड्यांवर होतं. मी म्हणायचो, ढिल्या आहेत. तू म्हणायचीस, बरोबर आहेत. मी आजही सांगतो, अक्का, प्लेटा थोड्या ढिल्या होत्या. एक स्प्रिंग अजून लागली असती. तू मेलीस म्हणून मी हे मागे घेणार नाही. ये आणि भांड.

त्या वर्षी कुठल्याशा मोटार क्लबाने धुळ्यातून सातपुड्याच्या घाटापर्यंत आणि परत अशी शर्यत ठेवली, आणि आपली जीप चालवायला मी नाव नोंदवलं. आधी शिरपूरकडची माती, नाले, वाळू. शेवटी घाटाची वळणं आणि लांबलचक डांबरी रस्ता. आदल्या दिवशी मैदानावर गाड्यांची तपासणी होती. काळा चष्मा लावलेला एक मुंबईचा ड्रायव्हर आपल्या जीपखाली वाकून बघत होता. कोणी बांधली, म्हणाला. मी सांगितलं. स्कूटरच्या प्लेटा ऐकल्यावर तो एवढा हसला की आणखी दोघंतिघं जमली. "वेल्ड करून टाक मधलं. आम्ही सगळे तेच करतो. बहिणीच्या क्लचवर घाट चढणार का?"

इथे मी त्याला काहीतरी ऐकवायला हवं होतं. तू त्या दिवशी पारोळ्याला बारशाला गेली होतीस. दाजी जेवून झोपले होते. मी भर दुपारी मधली पेटी उघडली, तुझ्या प्लेटा बाहेर काढल्या, चिंधीत बांधल्या आणि आतली चक्रं घेऊन पारोळा रोडच्या वेल्डरकडे गेलो. त्याने ती एकमेकांना कायमची जोडून टाकली. तीन डिफरन्शियलच्या गाडीचं तिसरं डिफरन्शियल मी एका दुपारी मारून टाकलं. संध्याकाळी तू आलीस, बारशाचे पेढे दिलेस आणि विचारलंस, गाडी तयार शे का. मी म्हणालो, तयार शे.

कबूल करायचंच तर सगळं करतो. मातीत गाडी अशी पळाली की मी ओरडत होतो. नाल्यात एक चाक हवेत, दुसरं वाळूत, तरी ती ओढत होती. घाटाच्या तोंडाशी मी पहिला होतो. मनात तुला म्हणत होतो, बघ, कोण बरोबर? मग डांबर लागलं. पहिल्या वळणाला स्टिअरिंग जड झालं. दुसऱ्या वळणाला गाडी वळण सोडून सरळ जायला बघू लागली. खालून एक कण्हल्यासारखा आवाज येत होता आणि मला कळत होतं काय पिळतंय ते, अगदी तुझ्या शब्दांत कळत होतं. मी गाडी थांबवली नाही. पाचव्या की सहाव्या वळणाला पुढच्या शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस तुटला, सुटलेला शाफ्ट गोल फिरत मधल्या पेटीवर आदळला आणि पेटी फुटून तेल रस्त्यावर सांडलं.

ट्रॅक्टरने ओढत गाडी वर्कशॉपच्या दारात आणली तेव्हा निम्मा आग्रा रोड जमला होता. सुपडू शेठ पुढे होते. कोणी तरी म्हणालं, "बाईना हातनं काम शे, दुसरं काय व्हई." मी ऐकलं. तूही ऐकलंस. तू पदर खोचून गाडीखाली गेलीस, फुटलेल्या पेटीचं झाकण सोडवलंस आणि हात आत घातलास. मी तुझ्या पायांकडे बघत उभा होतो. तुझी हलणारी पावलं एकदम थांबली.

तू बाहेर आलीस. झाकण हातात नव्हतं, ते तू परत लावून आली होतीस. कोपरापर्यंत तेल. तू माझ्याकडे पाहिलंस, फार वेळ नाही. मग शेठकडे वळून म्हणालीस, "मन्हंच चुकनं, शेठ. मन्हा अंदाज चुकना." आणि मला म्हणालीस, जाय, बठ्ठासले चहा ली ये.

आणि मी सगळ्यांसाठी चहा आणायला गेलो. अक्का, एवढी माणसं समोर होती, एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी किटली घेऊन हॉटेलात गेलो.

त्यानंतर काय झालं ते तू मला कधी सांगितलं नाहीस, मला दिसत होतं. आधी शेठचे ट्रक यायचे थांबले. मग त्यांचे बघून दुसऱ्यांचे. तीन महिन्यांनी वर्कशॉपच्या दारात पिठाच्या गिरण्या आणि पाण्याचे पंप दुरुस्तीला दिसायला लागले. ज्या हातांना कागदाएवढा फरक कळायचा ते हात पंपाचे वॉशर बदलत होते. आणि मी? मातीतल्या माझ्या वेळा बघून नाशिकच्या एका पार्टीने मला त्यांची गाडी चालवायला दिली. दोन वर्षं मी शर्यती केल्या. गाडी फुटली तरी ड्रायव्हर चांगला होता, असं लोक म्हणत होते. तुझं नाव बुडवून माझं झालं, हे मी एकदाही मोठ्याने म्हटलं नाही. एकदाच, फक्त एकदा, मी तुला म्हणालो की त्या दिवसाबद्दल बोलायचं आहे. तेवढ्यात पंपवाला आला आणि मी लगेच मोकळा झालो. विषय परत काढला नाही.

आता कालचं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, अक्का गृहकृत्यदक्ष नव्हती. तिची भाजी खारट व्हायची, सगळ्यांनी खाल्ली आहे. ती या जिल्ह्यातली डिफरन्शियल बसवणारी सगळ्यात चांगली कारागीर होती. शर्यतीतली गाडी तिच्या चुकीने फुटली नाही. आदल्या दुपारी मी तिच्या पाठीमागे पेटी उघडून वेल्ड मारलं आणि त्यामुळे फुटली. तिने ते पाहिलं आणि स्वतःवर घेतलं. मी गप्प बसलो. एवढंच बोललो. नदीत म्हशी डुंबत होत्या, त्यांनी उडवलेल्या पाण्याचा आवाज येत होता.

मला वाटलं होतं लोक चिडतील. शेठ उठून माझ्या तोंडावर थुंकले असते तर मी पाय धरले असते. शेठ उठले, जवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "भाऊ, तू बहीनसाठे बोली ऱ्हायना. माले समजस. पन दुसराना दोष असा आपला माथावर लेवू नको."

मी म्हणालो, शेठ, खरं सांगतोय. ते म्हणाले, असा भाऊ सगळ्यांना मिळो. बाकीच्यांनी माना हलवल्या. काकांनी माझी पाठ थोपटली. एका म्हाताऱ्याने तर मला जवळ घेतलं. बघ कशी फजिती केलीस माझी! नऊ वर्षं उशीर केला तर खरंसुद्धा माया म्हणून खपलं. जितकं ओरडून सांगावं तितका मी त्यांना जास्त चांगला वाटत होतो. मी त्या पारोळा रोडच्या वेल्डरचं नाव घेतलं. तो वारला होता. चिंधीत बांधलेल्या प्लेटा कुठे गेल्या ते मलाच माहीत नव्हतं. तू सारवून टाकलेलं इतकं पक्कं होतं की मला फोडता आलं नाही. काम चांगलं करायची तुझी खोड.

घरी आल्यावर मी दाजींच्या खाटेपाशी बसलो. त्यांना आता अजिबात दिसत नाही. मी म्हणालो, दाजी, तुम्ही तरी विश्वास ठेवा. त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं. मग म्हणाले, "माले तवयच समजेल व्हतं. तू चहा लेवाले गया, मंडळी पांगनी, तवय ती माले गाडीजवळ ली गई. म्हने, हात लाई देखा. मी हात लाया. वेल्डिंगना दाना बोटले लागना."

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, मग तुम्ही का नाही बोललात? मला का नाही बडवलंत?

"मी बोलाव व्हतू. ती म्हने, नको. तो सोता सांगी. आपन वाट देखू."

"आनि मंग?"

"मंग काय. वाट देखी."

अक्का, एवढे दिवस मला वाटत होतं की तू मला माफ केलंस. तो माझा आधार होता. मोठी बहीण आहे, पोटात घातलं, असं म्हणत मी जेवत होतो, झोपत होतो. तू पोटात घातलंच नव्हतंस. तू वाट बघत होतीस. ट्रक गेले, नाव गेलं, तरी तू वाट बघत होतीस, कारण तुझा माझ्यावर भरवसा होता. याचा मला राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. असा कसला भरवसा? दोन थोबाडीत दिल्या असत्यास, चारचौघांत ओढून उभं केलं असतंस, तर दोघंही सुटलो असतो. माणसाला इतकं मोकळं सोडू नये. तुला प्लेटांचं बरोबर कळायचं, मग माझ्या बाबतीत का नाही कळलं?

आता कुठे मला भाऊबीज कळते. दर वर्षी मी धुळ्याला यायचो. पाटावर बसायचो. तू ओवाळायचीस, पण ताट खाली ठेवायच्या आधी थांबायचीस आणि विचारायचीस, "भाऊ, काही सांगानं शे का तुले?" मला वाटायचं, घरात काही अडचण, तब्येत, पोरांचं शिक्षण, असलं काही विचारतेस. मी म्हणायचो, "नही वं अक्का, बठ्ठं बेस शे," आणि ताटात साडी ठेवायचो. तू साडी घ्यायचीस. एकदा तू जरा जास्तच वेळ थांबलीस. मला वाटलं, आदल्या वर्षीची साडी हलकी निघाली. मग त्यापुढे मी दर वर्षी भारी साडी आणत गेलो.

सुपडू शेठला खोटं वाटतं, काकांना माया वाटते, लोक माझी पाठ थोपटतात. थोपटू देत. मी आग्रा रोडच्या प्रत्येक गॅरेजात जाऊन सांगणार आहे, ऐकणारे हसले तरी सांगणार आहे, आणि म्हणून इथे लिहूनही ठेवतो आहे. पण त्यांच्याआधी तुला. तू नऊ वेळा विचारलंस आणि मी नऊ वेळा नाही म्हणालो. हो अक्का, सांगायचं आहे. गाडी मी मोडली.